गिळूशेठला आवाज फुटतो

गेला आठवडाभर वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांशी बोलत नव्हते. वर काका-काकू, खाली बाबा, आई आणि ठिपकी, मधे सतरा पायऱ्या. त्या पायऱ्यांवरून फक्त मांजर ये-जा करत होतं, आणि दोन्हीकडे दूध मिळत असल्यामुळे तेही कुणाची बाजू घेत नव्हतं.

मागच्या सोमवारी काकांनी जेवता जेवता एकच वाक्य टाकलं होतं, "घराला गिऱ्हाईक आलंय. पुढच्या सोमवारी सह्या." बाबांचा घास हातातच राहिला. तेव्हापासून सगळं ठप्प. आज रविवार होता. उद्या सह्या.

घर कागदोपत्री काकांच्या एकट्याच्या नावावर होतं. आजोबांनीच तसं केलं होतं, कारण बाबांना सही करायला सांगितलं की ते सहीच्या जागी कोंबडा काढायचे. कोंबडा फार सुंदर असायचा, पण बँकेला त्याचं काय! तेव्हा व्यवहार थोरल्याकडे आणि चित्रं धाकट्याकडे अशी वाटणी झाली. आजोबांनी खालच्या मजल्यावरच्या या स्टुडिओत दंतमंजनाच्या जाहिरातींसाठी नाचणारे दात काढले. बाबांनी त्याच टेबलांवर अख्खा सिनेमा काढायला घेतला, कागदावर, हाताने, एका सेकंदाला बारा चित्रं. या सिनेमाला आता नववं वर्ष लागलं होतं. आत्या म्हणायची, "सिनेमात बकरीचं पिल्लू आहे ना, ते खरं असतं तर एव्हाना पणजी झालं असतं."

ठिपकीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. सात वर्षांची असल्यापासून तिचं घरातलं काम एकच होतं: चित्र पूर्ण झालं की डोळ्यांत पांढऱ्या शाईचा ठिपका द्यायचा. ठिपका दिला की डोळा बघायला लागतो. नाही दिला तर नुसतं काळं बटण. बकरी, कावळा, पुलावरचा म्हातारा, सगळ्यांना तिनेच दृष्टी दिली होती आणि त्याचा तिला भयंकर गर्व होता. ठिपका नव्हता तो फक्त एकाला.

"गिळूशेठला द्यायचा नाही," बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "हावरट माणसाला समोरचा दिसतच नाही. मग डोळ्यांत उजेड कशाला?"

गिळूशेठ म्हणजे सिनेमातला व्यापारी. पोट पाण्याच्या टाकीएवढं, बोटं वाळक्या शेंगांसारखी, आणि गळ्यातला लाल टाय इतका लांब की बाहेर आलेली जीभच वाटावी. तो आधी शेजाऱ्याचं दुकान गिळतो, मग पूल, मग नदी, मग झाडांच्या सावल्या. शेवटी गावात गिळायला काही उरतच नाही.

आजपर्यंत हा गिळूशेठ मुका होता. घरातल्या सिनेमात घरातल्यांचेच आवाज, हा इथला जुना नियम. आधी आवाज रेकॉर्ड करायचा आणि मग तो ऐकत ऐकत ओठ काढायचे. आत्या कावळा होती, काकू बकरी होती. गिळूशेठसाठी बाबांनी काकांना विचारलं होतं. काका म्हणाले होते, "मला नाटकं जमत नाहीत." त्यावर बाबा हळूच म्हणाले होते, "तुला नाटक करावंच लागणार नाही, दादा." ते वाक्य काकांनी ऐकलं होतं की नाही, हे अजून कुणाला कळलेलं नव्हतं.

आणि आज गिळूशेठ बोलणार होता. हे फक्त ठिपकीला आणि बाबांना माहीत होतं. त्या आनंदात ठिपकीला सकाळपासून धड बसवत नव्हतं.

दुपारी तीनला खालच्या मोठ्या खोलीचे पडदे ओढले. आत्या मुद्दाम आली होती आणि पुढच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आई दवाखान्यात ड्यूटीवर होती, त्यामुळे तह करायला कोणीच नव्हतं. काका-काकू आले आणि दाराजवळच्या बाकावर टेकले. पाहुण्यासारखे.

"इकडे पुढे या की, वहिनी," आत्या म्हणाली. "की घर विकायच्या आधीच लांब बसायची सवय करताय?"

"इथून बरं दिसतं, वन्सं," काकू म्हणाली. तिच्या नखांत अजून हिरवा रंग होता. झाडांची हजारो पानं तिने एकटीने रंगवली होती. या आठवड्यात मात्र ती एकदाही खाली आली नव्हती आणि तिचे ब्रश पाण्यात उभेच्या उभे होते.

काका ठिपकीकडे बघून म्हणाले, "परीक्षा कधी आहे गं?"

"पुढच्या महिन्यात," ठिपकी तुटकपणे म्हणाली. घर विकणाऱ्या माणसाला परीक्षेच्या चौकशा हव्यात कशाला?

"दादा, एवढंच म्हणणं आहे," बाबा प्रोजेक्टरजवळून म्हणाले, "उद्या सही करायच्या आधी काय विकतोयस ते एकदा बघ."

"बघतो ना," काका म्हणाले.

भिंतीवर उजेड पडला. नदी आली, पूल आला, बकरीचं पिल्लू पुलावरून घसरलं आणि आत्याच्या आवाजातला कावळा खेकसला, "अगं बये, चार पाय आहेत ना तुला? मग एक तरी नीट टाक!" काकूला हसू फुटलं. आत्या स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांत मोठ्याने हसली. क्षणभर त्या खोलीत जुनं घर परत आल्यासारखं झालं. ठिपकीने चोरून काकांकडे पाहिलं, तर तेही गालातल्या गालात हसत होते.

मग गिळूशेठ आला. पुलाच्या टोकाशी उभा राहून त्याने टाय सारखा केला, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि तोंड उघडलं.

"माझ्या भावाला यातलं काही कळता कामा नये," गिळूशेठ म्हणाला. "मला सगळं हवंय. सगळं. एक खिळासुद्धा सोडणार नाही."

आवाज काकांचा होता. तोच थोडा बसका, शब्दांच्या मधे दम घेणारा आवाज. ओठ तंतोतंत जुळले होते, आणि "सगळं" म्हणताना बाबांनी गिळूशेठच्या घशातली गाठ अशी वरखाली केली होती की एरवी ठिपकीने टाळ्या वाजवल्या असत्या.

आत्या हसायला लागली. "अगं बाई, हा तर आपला..." आणि तिचं हसणं मधेच अडकलं, घशात काटा लागावा तसं.

काकू सावकाश उभी राहिली.

"बस," काका म्हणाले. "पूर्ण होऊ दे."

पूर्ण झालं. आतापर्यंत तयार झालेल्या त्या अकरा मिनिटांत गिळूशेठ तेच वाक्य आणखी दोनदा बोलला, एकदा नदीला आणि एकदा सावल्यांना. शेवटच्या दृश्यात तो लांबच लांब टेबलाशी एकटा बसला होता. समोर रिकामी ताटं, मागे रिकामं गाव. त्याचं तोंड उघडत होतं आणि आवाज येत नव्हता, कारण त्या जागेसाठी ठिपकीला वाक्यच सापडलं नव्हतं.

उजेड विझला. पडदे कुणी उघडले नाहीत.

"हे मी कधी बोललो?" काकांनी विचारलं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं, चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारावं तसं.

बाबा म्हणाले, "तू सांग. आवाज तुझा, वाक्य तुझं. आम्ही फक्त चित्र काढलं."

"भावजी, शोभतं का हे?" काकू म्हणाली. "सख्ख्या भावाला असं भिंतीवर टांगायचं? आणि वर सगळ्यांना हसायला बोलवायचं?"

"आणि सख्ख्या भावाच्या डोक्यावरचं छप्पर विकायचं, ते शोभतं?"

"वहिनी, त्याचंही काही चुकत नाही हं," आत्या म्हणाली. "दादा, मला एक सांग. भावाला कळता कामा नये असं तू म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

"झालं तर मग!" बाबांनी हात झटकले.

ठिपकीला आता मजा येत नव्हती. सकाळपासून तिने हा प्रसंग मनात वीसदा पाहिला होता. त्यात काका लाजायचे, किंवा ओरडायचे, किंवा सह्या रद्द करायचे. दाराजवळच्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसून राहिलेले काका त्यात कुठेच नव्हते. याच काकांनी तिला सायकल शिकवली होती. अख्ख्या मैदानभर सीट धरून धावले होते, आणि सोडतो म्हणाले तरी सोडली नव्हती.

"मला सापडलं ते," ती म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आवाजाच्या खोलीत."

आवाजाची खोली म्हणजे कोपऱ्यातली काचेची खिडकी असलेली लहानशी खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, म्हणून घरात सगळ्यांत शांत जागा तीच. महत्त्वाचा फोन असला की जो तो तिथे जाऊन बसायचा. रेकॉर्डिंग चालू असलं की दारावर लाल दिवा लागायचा. म्हणजे लागायला हवा. तो पावसाळ्यापासून उडाला होता आणि चार मोठ्या माणसांच्या घरात रोज कोणीतरी म्हणत होतं, "बल्ब बदलायला हवा."

"मी आत्याचा कावळा रेकॉर्ड केला आणि मशीन बंद करायला विसरले," ठिपकी म्हणाली. "मग काका फोनवर बोलायला आत गेले असणार. दुसऱ्या दिवशी मी कावळा ऐकायला लावला, तर पुढे हे होतं."

"आणि तू ते बाबाला नेऊन दिलंस," काकू म्हणाली.

"त्या दिवशी जेवताना भांडण झालं होतं, काकू. मला राग आला होता."

काकांनी मान वर केली. "पुढचं ऐकलं नाहीस?"

प्रश्न साधाच होता.  पण पुढचं ठिपकीने ऐकलं नव्हतं. "एक खिळासुद्धा सोडणार नाही" नंतर लांब शांतता होती. तिला वाटलं, संपलं. हवं ते मिळालं होतं, तेही सोन्यासारखं. तिने तेवढंच कापून घेतलं आणि नाचत बाबांकडे गेली. बाबांनीही विचारलं नव्हतं. "ठिपके, सोनं आहे हे सोनं!" म्हणाले आणि कागद ओढून ओठ काढायला बसले.

"पुढे काय आहे, काका?"

"काही नाही. राहू दे."

पण ती उठलीसुद्धा होती. "ठिपके, बस म्हणतोय ना," काका मागून म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांचं ऐकलं नाही. आवाजाच्या खोलीच्या काचेबाहेरच्या मशीनवर तिने मूळ रेकॉर्डिंग शोधलं, मोठ्या खोलीतला स्पीकर जोडला आणि चालू केलं.

कावळा खेकसला. दार वाजलं. खुर्ची करकरली. मग काका.

"हं, बोला. नाही, ऐका, आधी दोन अटी. माझ्या भावाला यातलं काही कळता कामा नये. मला सगळं हवंय. सगळं. एक खिळासुद्धा सोडणार नाही."

शांतता. त्या शांततेत पलीकडचा माणूस बोलत असणार, पण ते यंत्राला ऐकू आलेलं नव्हतं. ठिपकीने इथेच थांबवलं होतं. शांतता पुढे सरकत राहिली, आणि मग काका पुन्हा बोलले.

"अहो, खालच्या मजल्याबद्दल बोलतोय मी. टेबलं, कपाटं, कागदांचे गठ्ठे, भिंतीवरच्या गाद्या, काही म्हणजे काही हलणार नाही. खालचा मजला आधी भावाच्या नावावर होईल आणि मगच मी वरच्यावर सही करीन. ... नाही, अख्खं घर नाही मिळणार. ... आम्ही? आम्ही दोघं निघू. दोन माणसांना लागतं किती? ... कळू द्यायचं नाही, कारण कळलं तर तो नको म्हणेल. तो तसाच आहे. कोंबडा काढील कागदावर." इथे काका हसले होते. हसून झाल्यावर नाक ओढल्याचा आवाज आला होता. "तुम्हाला सांगतो, फार सुरेख चाललाय त्याचा सिनेमा. आणखी दोन वर्षं मिळाली पाहिजेत त्याला."

खुर्ची करकरली. दार वाजलं. पुढे नुसती घरघर.

ठिपकी मशीनपासून परत आली. आत्या पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

"अख्खं घर विकतोय असं का वाटू दिलंस?" बाबांनी विचारलं. 

"मी म्हटलं, घराला गिऱ्हाईक आलंय. तू पुढचं ऐकायच्या आधी ताट सरकवून उठलास."

"आठवडा होता की मधे! एकदा खाली यायचंस."

"आलो असतो तर सांगावं लागलं असतं. तू रागात असलेला बरा होतास. रागात तू खालच्या मजल्याच्या कागदांवर न वाचता सही करशील असं वाटलं. उपकार म्हणून कधीच केली नसतीस." काकांनी डोळे चोळले. "जाहिरातींची कामं बंद होऊन तीन वर्षं झाली, धाकट्या. कागद येतोय, रंग येतोय, दिवे जळतायत. कुठून येतं हे असं वाटत होतं तुला?"

 बाबांनी नऊ वर्षांत हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ठिपकीनेही नाही. कपाट उघडलं की कागद असायचाच.

"गावाबाहेर दोन खोल्या बघितल्यात," काकू म्हणाली. "तळमजला आहे. जिना नाही. यांचे गुडघे खूश होतील." कुणीतरी हसेल म्हणून ती क्षणभर थांबली. "सामान निम्मं बांधून झालंय. म्हणून खाली आले नाही आठवडाभर. तुम्हाला वाटलं असेल, रुसले."

आत्या एकदम उठली आणि काकूच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. घरातली सगळ्यांत तिखट जीभ तिची. पण म्हणाली एवढंच, "वहिनी, नखांतला रंग काढून देऊ का?" आणि पर्समधून रुमाल काढून खरंच एकेक नख पुसायला लागली.

"सह्या रद्द कर, दादा," बाबा म्हणाले.

"आता नाही होत. त्यांना शब्द दिलाय."

"मग सिनेमा बंद करतो. मला नको असला सिनेमा!"

"बघ, म्हटलं नव्हतं? नको म्हणेल." काका पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. "वेड्या, बंद केलास तर मी जातोय कशासाठी? उगाच?"

बाबा टेबलाशी बसले. ठिपकी मधोमध उभी होती. तिला माफी मागायची होती, पण माफीचे शब्द फार छोटे वाटत होते, ठिपक्याएवढे.

"काका, मी ते वाक्य काढून टाकते," ती म्हणाली. "आजच. तिन्ही जागांवरून."

"काढू नकोस."

"पण..."

"चांगलं आलंय ते. मलासुद्धा भीती वाटली माझी." काका गुडघ्यांवर जोर देऊन उठले. "शेवटी टेबलाशी बसलेला असताना काहीतरी बोलत होता तो. आवाज आलाच नाही. काय म्हणतो?"

ठिपकीने बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघून म्हणाले, "'कोणी आहे का?' एवढंच लिहिलंय."

"चल ठिपके. जाईपर्यंत तेवढं तरी करून देतो. मशीन नीट चालू कर म्हणजे झालं. तुला जमतं ते."

टोमणा होता की लाड, तिला कळलं नाही. ती मागोमाग गेली.

काका गाद्यांच्या खोलीत स्टुलावर बसले आणि त्यांनी माइककडे असं पाहिलं जसं सुई घेतलेल्या डॉक्टरकडे लहान मूल पाहतं. काचेच्या अलीकडे ठिपकीने मशीन चालू केलं. लाल दिवा लागला नाही. तिने हात वर करून खूण केली.

"कोणी आहे का?" काका म्हणाले. सपाट. वाचल्यासारखं.

"पुन्हा," ठिपकी म्हणाली.

"कोणी आहे का?" या वेळी शेवटचा शब्द जरा घसरला. मग ते थांबले. काचेतून मोठ्या खोलीतली टेबलं दिसत होती, काठोकाठ कागदांचे गठ्ठे, पाण्यात उभे असलेले काकूचे ब्रश. काका बघत राहिले. कागदावर नसलेले शब्द त्यांच्या तोंडातून हळूहळू आले, "बसा ना. थोडं जेवून जा."

मशीन चालूच होतं. ठिपकीने या वेळी ते थांबवलं नाही. शांतता लांबत गेली तरी ती कानाला हेडफोन दाबून ऐकत राहिली, अगदी स्टूल सरकल्याचा आवाज येऊन, दार वाजून, नुसती घरघर उरेपर्यंत.

मागे वळली तर बाबा उभे होते. कधी आले कोण जाणे. हातात पाटी, पाटीवर कागद. एवढ्या वर्षांत त्यांनी गिळूशेठ मनाने काढला होता, रागाने काढला होता, पण समोर बघून कधीच काढला नव्हता. आज काचेतून बघत काढला होता. टाय तोच, पोट तेच, रिकामी ताटं तीच. ओठ "जेवून जा"च्या "जा"वर अर्धे उघडे राहिलेले. डोळ्यांखाली काकांच्या सुरकुत्या.

वरून पायऱ्यांवर काहीतरी जड ओढल्याचा आवाज येऊ लागला. आत्या आणि काकू खोकी खाली आणत होत्या.

बाबांनी कागद ठिपकीसमोर ठेवला आणि पांढऱ्या शाईची बाटली तिच्याकडे सरकवली.

"ठिपका राहिलाय," ते म्हणाले.